खालून लागलेला दिवा

१

बातमी आली तो मंगळवार होता आणि मी मीटिंगमध्ये होतो.

तिसऱ्या मजल्यावर माझं टेबल आणि तळघरात सर्व्हरची खोली. खोलीत चार रॅक एका ओळीत उभे. प्रत्येक रॅकमध्ये सोळा ब्लेड, म्हणजे कपाटात पुस्तकं उभी लावावीत तसे सोळा पातळ सर्व्हर. एवढ्या चौसष्ट ब्लेडना वरून, बसल्या जागेवरून सांभाळता यावं अशी सोय आम्ही करत होतो. बंद करणं, चालू करणं, आजारी ब्लेडची तपासणी, सगळं टेबलावरून. प्रत्येक ब्लेडमध्ये या कामासाठी एक वेगळी चिप असते. ब्लेड बंद केला तरी ती जागी राहते आणि झालेल्या गोष्टींची नोंद ठेवत राहते.

आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ, बारक्या. वय त्रेचाळीस, उंची दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढी, पण घरातलं नाव ऑफिसातही चिकटलं होतं आणि त्याला कारण मीच. मी वर स्क्रीनसमोर, तो खाली तारा आणि ब्लेड घेऊन. त्या दिवशी सकाळी जिन्यापाशी म्हणाला, "दादा, हे काम संपलं की खाली कुणी लागणारच नाही. म्हणजे माझ्या हातांनीच मला घालवतोयस."

"तुला वर बसवू की."

"बसव. तुमच्या मजल्यावरचा चहा आठवड्यात संपेल."

खोलीत मोबाईल चालत नाही. दाराच्या आतल्या बाजूला भिंतीवर एक फोन आहे. तो उचलला की थेट चौकीदाराच्या टेबलावर वाजतो. पण एवढ्या तेवढ्यासाठी चार रॅक ओलांडून फोनपर्यंत कोण जाणार? म्हणून आमची एक पद्धत पडली होती. प्रत्येक ब्लेडच्या तोंडावर एक निळा दिवा असतो आणि खाली बारीक बटण. दिवा वरूनही लावता-मालवता येतो, खालूनही. एका ब्लेडचं काम झालं की बारक्या त्याचा दिवा लावायचा, म्हणजे 'हा झाला, बघ'. मी वरून जोडणी तपासून दिवा मालवायचो, म्हणजे 'बघितला'. दिवसभर आम्ही असे बोलायचो.

अकरा बेचाळीसला चौथ्या रॅकच्या अकराव्या ब्लेडचा दिवा लागला. मी तेव्हा कॅमेऱ्यासमोर बसून वरिष्ठांना समजावत होतो की यापुढे खाली कुणी जायची गरज पडणार नाही. न तपासताच दिवा मालवला. अकरा चव्वेचाळीसला तो पुन्हा लागला. पुन्हा मालवला. अकरा एकोणपन्नासला परत. कंटाळला की बारक्या मुद्दाम असा दिव्याशी खेळायचा. मला हसू आल्याचं आठवतं. मालवला.

त्यानंतर लागला नाही.

दीड वाजता चौकीदार वर आले. त्यांना सगळे मामा म्हणतात. मामा कधी तिसऱ्या मजल्यावर येत नाहीत, गुडघे दुखतात म्हणून.

"साहेब, जरा खाली चला."

"बारक्याने पाठवलं का?"

मामांनी टोपी काढून हातात धरली होती.

२

तीन आठवड्यांनी मी कामावर आलो. मॅडम, म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख, स्वतः माझ्या टेबलापाशी आल्या. उभ्याच राहिल्या.

"चौथा रॅक अर्धवट आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नको असेल तर मी दुसऱ्या कुणाला देते. अगदी मोकळेपणाने सांगा."

"मीच करतो."

त्यांना ते धैर्य वाटलं असावं. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

चौथ्या रॅकच्या नव्या जोडण्या करण्याआधी प्रत्येक चिप रीसेट करावी लागणार होती. रीसेट केली की चिप कोरी होते. तिची नोंदवहीही कोरी होते.

आदल्या रविवारी मी भावाच्या घरी गेलो होतो. त्याच्या बायकोने चहा ठेवला, मग गॅस बंद करून तशीच ओट्याला टेकून उभी राहिली.

"दादा, एक विचारू? डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका आल्यावरही पंधरा-वीस मिनिटं तरी तो शुद्धीवर असणार."

"म्हणाले खरं."

"तिथे रेंज नसते, ते मला माहीत आहे. फोन दाराजवळ आणि हा पार दुसऱ्या टोकाला. पण तो गप्प पडून राहणारा माणूस नव्हता हो. बोटाला कुसळ गेलं तरी घर डोक्यावर घ्यायचा. त्याने कुणालाच हाक मारली नाही?"

"नाही," मी म्हणालो. "कळलंच नसेल त्याला."

तिने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिली. मग गॅस पुन्हा पेटवला.

"त्याचा स्वेटर तिथेच असेल. राखाडी, कोपराला मी ठिगळ लावलेला. आणाल का जमेल तेव्हा?"

आणतो म्हणालो. त्या खोलीत कायम अठरा अंश तापमान असतं, म्हणून तिथे स्वेटर लागतो. तो दाराशेजारच्या खुंटीवर टांगलेला होता, हे मला त्याच दिवशी दिसलं होतं. बारक्याला घाम फुटला असणार. दारापर्यंत येऊन त्याने स्वेटर काढला, खुंटीला लावला आणि फोनला पाठ करून परत गेला. एवढा एक ब्लेड उरकून घेऊ, असं म्हणाला असेल. मी त्याला ओळखतो.

३

पहिल्या दिवशी सकाळी मी खाली गेलोच नाही. वर बसून पहिल्या तीन रॅकच्या जोडण्या पुन्हा तपासल्या. स्क्रीनवर चौसष्ट नावांची यादी असते. ज्याचा दिवा लागलेला असेल त्याच्या नावापुढे निळा ठिपका येतो.

जेवणाच्या सुट्टीआधी चौथ्या रॅकच्या अकराव्या नावापुढे ठिपका आला.

मी तो मालवला. काही विचार केला नाही. हात गेला आणि मालवला, डास मारावा तसा. मग हात माउसवरच राहिला.

दोन मिनिटांनी ठिपका पुन्हा आला. पुन्हा मालवला. मी मामांना फोन लावला.

"मामा, खाली कुणी आहे का?"

"कोण असणार? किल्ली माझ्या खिशात आहे."

"सफाईवाले?"

"ते शनिवारी. साहेब, बरं वाटतंय ना?"

बरं वाटतंय म्हणालो. चिपच्या नोंदी उघडल्या. त्या ओळखीच्याच भाषेत होत्या. दिवा लावला, समोरच्या बटणावरून. दिवा मालवला, दुरून, आणि पुढे माझं नाव. दिवा लावला, समोरच्या बटणावरून. दिवा मालवला, दुरून, पुन्हा माझं नाव. समोरचं बटण कुणीतरी बोटाने दाबल्याशिवाय अशी नोंद होत नाही.

त्याच पानावर वर सरकलं की त्या मंगळवारच्या नोंदी होत्या. सहा ओळी. तीनदा समोरच्या बटणावरून, तीनदा दुरून. प्रत्येक 'दुरून'पुढे माझं नाव. मी त्या आजवर उघडल्या नव्हत्या. पाठ मात्र होत्या.

मी पाहत असतानाच तिसरी जोडी सुरू व्हावी तशी आणखी एक ओळ खाली उमटली. समोरच्या बटणावरून. दोन मिनिटं, मग पाच मिनिटं. अंतरही तेच.

४

बटणाची स्प्रिंग अडकते. धूळ बसते. थंड खोलीत प्लास्टिक आकसतं. जिना उतरताना मी ही कारणं मोजत होतो आणि ती सगळी खरी होती. पंचवीस वर्षांत मी यातलं प्रत्येक कारण कधी ना कधी प्रत्यक्ष पाहिलेलं आहे.

दाराला वहीच्या पानाएवढी काच आहे. आत अंधार होता, म्हणजे आत कुणी नव्हतं. त्या खोलीचे दिवे माणसाच्या अंगाच्या उष्णतेवर लागतात. आत माणूस शिरला की लागतात, माणूस गेला की दहा मिनिटांनी मालवतात.

मामांनी कुलूप काढलं. मी आत पाऊल टाकलं आणि ट्यूब एकेक करून उजळत गेल्या. डावीकडे भिंतीवरचा फोन, त्याच्या बाजूला खुंटी, खुंटीला स्वेटर. मी त्याच्याकडे न पाहता पुढे गेलो. पहिला रॅक, दुसरा, तिसरा. पंखे इतक्या मोठ्याने घोंघावतात की स्वतःचं पाऊलही ऐकू येत नाही. चौथ्यापाशी फरशी स्वच्छ पुसलेली होती.

अकराव्याचा निळा दिवा लागलेला होता. बारक्यासारख्या माणसाच्या छातीच्या उंचीवर नव्हे. तो स्लॉट खालच्या ओळीत आहे, गुडघ्याच्या जरा वर. जमिनीवर बसलेल्या माणसाचा हात पोचेल अशा जागी.

हे माझ्या आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

मी वाकून बटण दाबलं. दिवा मालवला. पाचदा दाबून पाहिलं. स्प्रिंग मोकळी होती, बटण अडकत नव्हतं.

"काय झालं?" मामांनी दारातून ओरडून विचारलं. ते आत येत नाहीत. पूर्वी यायचे.

"बटण खराब आहे," मी ओरडलो.

मग मी कडी उचलून ब्लेडच बाहेर ओढला. रिकाम्या स्लॉटवर झाकण बसवलं. वीज नसली की चिप झोपते. ब्लेड काखेत मारून वर आणला आणि माझ्या कपाटात ठेवला. त्या गडबडीत स्वेटर घ्यायचं राहिलं.

५

दुसऱ्या दिवशी चौथ्या रॅकचे उरलेले पंधरा ब्लेड मी वरून रीसेट केले. अकराव्या जागी यादीत 'रिकामा' असं दिसत होतं. मला हलकं वाटत होतं. कपाटातला ब्लेड थेट दुरुस्तीला पाठवायचा, तिथे ते पहिल्यांदा रीसेटच करतात. माझा हातही लागणार नव्हता.

जेवणाच्या सुट्टीआधी तिसऱ्या रॅकच्या अकराव्या नावापुढे ठिपका आला.

मी मालवला. दोन मिनिटं. मालवला. पाच मिनिटं.

बुधवारी हे झालं. गुरुवारी सकाळी मी शहाण्यासारखा बसून राहिलो, हात मांडीखाली दाबून, की पाहूच आपण होऊन मालवतो का. ठिपका आला तो दुसऱ्या रॅकमध्ये. मी पाच मिनिटं तग धरला. मग शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "अहो, तो दिवा मालवा की. लागलेला दिसला की उगीच वाटतं, कुणीतरी थांबलंय."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी मालवला.

रॅकचे क्रमांक यंत्रणेत सरमिसळ झाले असतील. नव्या जोडणीत असं होतं. पण कागदावर मी खोलीचा नकाशा काढला, आणि काढायला नको होता. चौथा रॅक पार आत. मग तिसरा. मग दुसरा. मग पहिला. पहिल्यानंतर दोन पावलांवर भिंत, आणि भिंतीवर फोन.

बोटाशी असलेलं बटण मी काढून नेलं, तेव्हा तो उठला होता. दुसरं काय करणार होता?

हे वाक्य मी मनातल्या मनातही पुरं होऊ दिलं नाही. नकाशा फाडून टाकला.

त्या संध्याकाळी भावजयीचा फोन आला. स्वेटरची आठवण करायला नव्हता. मुलीच्या शाळेच्या एका अर्जावर कुणाची सही चालेल, ते विचारायचं होतं. माझी चालेल म्हणालो. ठेवता ठेवता ती म्हणाली, "दादा, मी त्या दिवशी असं विचारायला नको होतं. तुम्हालाच त्रास झाला असेल."

"नाही गं."

"तुम्ही सांगितलंत म्हणून आता झोप लागते. हाक मारली असती आणि कुणी आलं नसतं, असं काही असतं तर..." तिने वाक्य सोडून दिलं. "ते तरी नाही."

६

शुक्रवारी काम हस्तांतरित करायचं होतं. शेवटची तपासणी अशी असते, की वरून सगळे निळे दिवे एकदम लावायचे आणि खाली जाऊन डोळ्यांनी मोजायचे. एकाने वर थांबायचं, एकाने खाली जायचं. खाली जाणारा माणूस आता नव्हता, म्हणून मी वरून दिवे लावले आणि मीच जिना उतरलो. घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते. स्वेटरसाठी सोबत पिशवी घेतली होती.

मामांचं टेबल तळघरातल्या बोळाच्या टोकाला आहे, दारापासून दहा-बारा पावलांवर. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

"मी येऊ का सोबत?"

"कशाला? पाच मिनिटांचं काम."

"तसं नाही. येतो म्हटलं तर हो म्हणावं माणसाने."

"बसा मामा. गुडघे सांभाळा."

कुलपात किल्ली घातली आणि फिरवण्याआधी काचेतून पाहिलं.

आत पूर्ण अंधार, आणि अंधारात निळे ठिपके. ओळीने. जवळचे मोठे, दूरचे बारीक. त्रेसष्ट असणार होते. मी बाहेरूनच मोजायला सुरुवात केली, आतून बाहेर, चौथ्या रॅकपासून. काम आत न शिरता झालं तर बरंच, असं मनात होतं.

चौथ्याचे पंधरा मोजले. तिसऱ्याचे मोजताना चुकलो, कारण आठ झाल्यावर पुढचे सापडेनात. डोळे चोळले. तर ते होते. आणि आधी मोजलेले नव्हते. मग तेही आले.

कुणीतरी समोरून गेल्याशिवाय दिवे असे एका बाजूने झाकत आणि दुसऱ्या बाजूने उघडत नाहीत. मी किल्ली धरून उभा होतो. दुसऱ्या रॅकचे ठिपके वरपासून खालपर्यंत झाकले जायला लागले. सगळ्यात वरचेसुद्धा. आमच्या ऑफिसात एवढ्या उंचीचा माणूस एकच होता. सरकणं फार सावकाश होतं. मध्ये एकदा थांबलं, दम घ्यावा तसं. मग पहिला रॅक.

पहिल्याचे झाकले गेले आणि पुन्हा उघडलेच नाहीत.

ट्यूब लागल्या नाहीत. मी वाट पाहिली त्यांची. एवढंच मागत होतो, की त्या लागाव्यात, आत कुणी साधा माणूस असावा, सफाईवाला, चोर, कुणीही. लागल्या नाहीत.

काचेच्या अगदी कडेला, डावीकडे, जिथे मला खुंटी दिसायला हवी होती, तिथे काहीतरी राखाडी हललं.

आणि माझ्या मागे मामांच्या टेबलावरचा फोन वाजला.

७

मामांनी लगेच उचलला. सवयीने स्वतःचं नाव सांगितलं, ऐकलं, पुन्हा "हॅलो" म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. मी दाराबाहेर उभा होतो, किल्ली कुलपातच, दार बंद.

"साहेब," ते हळू म्हणाले, "हा आतला, खोलीतला फोन आहे."

"कोण बोलतंय?"

"बोलत नाही कुणी." त्यांनी फोन कानाला घट्ट लावला. "पंखे ऐकू येतात नुसते. आणि..." त्यांनी फोन कानापासून काढून माझ्या दिशेने धरला. वयस्क माणसाचा स्थिर हात होता तो, आणि चेहऱ्यावर भीतीपेक्षा कीवच जास्त होती. "घ्या. तुमच्यासाठीच असेल."

दहा-बारा पावलं. मी मोजली नाहीत, पण तेवढीच आहेत.

फोनच्या दोषाची कारणंही मला पाठ आहेत. ओलावा, सैल तार, जुना हुक. मी ती एकेक करून आठवली.

"ठेवून द्या, मामा," मी म्हणालो.

"साहेब, एकदा नुसतं हो म्हणा. बाकी काही नको."

"ठेवा."

मामांनी ठेवला. जपून ठेवला, आवाज न करता, झोपलेल्या माणसाच्या उशाला काही ठेवावं तसा. मी किल्ली काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती माझ्यासमोर उचलली नाही.

त्या मंगळवारी तीनदा. हे चौथं.

८

काम पूर्ण झाल्याचा अहवाल मी त्याच दुपारी दिला. दिवे त्रेसष्ट, अकरावा स्लॉट दुरुस्तीसाठी रिकामा. मोजणीबद्दल कुणी विचारलं नाही. मॅडम म्हणाल्या, इतकं स्वच्छ काम त्यांनी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

आता खाली कुणी जात नाही. जायची गरजच पडत नाही. सफाईसुद्धा महिन्यातून एकदा असते. जेवणाच्या सुट्टीआधी मी यादीकडे पाहत बसतो. त्या शुक्रवारनंतर एकही ठिपका आलेला नाही, एकदाही नाही. याला बरं म्हणायचं की काय, ते मला ठरवता येत नाही. पहिला आठवडाभर सुटल्यासारखं वाटलं. नंतर मीच स्वतःहून चौथ्या रॅकच्या कुठल्या तरी ब्लेडचा दिवा लावून ठेवायला लागलो. लावतो आणि वाट पाहतो, खालून कुणी मालवतंय का. संध्याकाळी घरी जायच्या वेळेला तो तसाच लागलेला असतो.

मामांनी बदली मागून घेतली. निरोप घ्यायला मात्र चार जिने चढून वर आले. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, गुडघ्यांबद्दल बोलले. जाताना म्हणाले, "माझा आवाज ऐकून फोन ठेवला असता त्याने. ठेवला नाही. म्हणजे तुमची वाट बघत होता." एवढं बोलून ते जिना उतरायला लागले.

अकरावा ब्लेड कपाटात आहे. दुरुस्तीला पाठवला नाही, रीसेटही केला नाही. त्याला वीज दिली तर सगळ्या ओळी जशाच्या तशा दिसतील, कुणालाही. भावजयीलाही वाचता येतील, त्यात कळायला अवघड असं काही नाही. दर रविवारी मी तिच्याकडे जातो. अर्जावर सही केली, गळका नळ बदलला, मुलीला वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकवलं. बोलायचं असं ठरवून निघतो आणि चहा पिऊन परत येतो. तिला झोप लागते आहे.

गेल्या रविवारी मी दारात चपला घालत असताना तिने विचारलं, फार सहज, घाई नसल्यासारखं. या आठवड्यात नक्की, असं मी सांगितलं.

स्वेटर अजून खालीच आहे.